लेप्टोचं पोस्टर करताय? उंदीर नको, पाय काढा

भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्ग-रत्नागिरीत लेप्टोस्पायरोसिसची पोस्टरं लागतात आणि बहुतेकांवर भलामोठा उंदीर असतो. उंदीर कोकणात कोणाला नवा आहे? बघणारा पुढे निघून जातो. हा आजार उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून, अंगावरच्या जखमेवाटे शिरतो. म्हणून चित्र पायाचं हवं: चिखलात रुतलेला, टाचेला भेग पडलेला. स्वतःचा पाय दिसला की माणूस थांबतो. शेजारी तोच पाय गमबुटात दाखवा.

मजकूर दोनच ओळी: 'जखम झाकूनच शेतात उतरा. ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.' पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं ही लक्षणं खाली बारीक अक्षरात चालतील. पाहुण्यांचे फोटो, शुभेच्छुकांची यादी मात्र नकोच; जागा तीच खातात.

जांभ्याच्या भिंतीवर लाल पोस्टर आणि हिरव्या झाडीत हिरवं पोस्टर हरवतं. पिवळ्यावर काळी अक्षरं घ्या. 10 फुटांवरून वाचायचं तर अक्षर निदान 1 इंच उंच ठेवा. ओळींत अंतर जरा जास्तच सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

कागद पहिल्याच सरीत लोंबतो. बाहेर लावायचं तर लॅमिनेशन करून चारही कडा बंद करा, किंवा सरळ आडोशाला लावा: बी-खताचं दुकान, रेशन दुकान, एसटीचा थांबा. आणि मिरग लागायच्या आधी लावा. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला सुरुवात झाली की वाचायला सवड कोणाला!