निर्णय घेताना विश्वास कसा राखावा: खानदेशातील ख्रिस्ती कुटुंबांसाठी

नोकरी, लग्न, कर्ज, स्थलांतर यांपैकी कोणताही प्रश्न घरात आला की विश्वासी कुटुंबात बहुधा पहिले वाक्य हेच निघते की, प्रभूची इच्छा काय आहे ते आधी कळायला हवे. ही ओढ खरी आहे आणि मोलाचीही आहे. मात्र ती इच्छा कुठेतरी लपवून ठेवलेली आहे आणि एखाद्या खुणेवरून, स्वप्नावरून किंवा डोळे मिटून उघडलेल्या पानावरून ती हुडकून काढायची आहे, असे धरून चालले की निर्णय बिघडतो. पवित्र शास्त्रात देवाची इच्छा अनेक ठिकाणी उघडपणे सांगितलेली आहे. न्यायाने वागावे, दयेची आवड धरावी आणि देवाबरोबर नम्रपणे चालावे, असे मीखा 6:8 सांगते. पवित्र जीवन आणि सर्व स्थितीत उपकारस्तुती ही देवाची इच्छा आहे, असे पौल थेस्सलनीका येथील मंडळीला, म्हणजे तेथील चर्चला, स्पष्ट लिहितो. म्हणून पुढे मांडलेली पद्धत सांगितलेल्या गोष्टींपासून सुरू होते आणि न सांगितलेल्या गोष्टींकडे नंतर वळते.

प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवावे

समोरचा प्रश्न आज्ञेचा आहे, मनाईचा आहे की मोकळीकीचा, हे आधी कागदावर लिहावे. कापूस बाजारात नेण्यापूर्वी वजन वाढावे म्हणून त्यावर पाणी मारावे का, या प्रश्नासाठी उपवास-प्रार्थनेची गरज नाही. नीतिसूत्रे 11:1 मध्ये खोट्या तागडीविषयी जे म्हटले आहे ते पुरेसे आहे. व्यापाऱ्याने काट्यात मारले म्हणून आपणही मारावे, हा युक्तिवाद तेथे टिकत नाही. शिक्षकाच्या जागेसाठी चोरून मोठी रक्कम मागितली जाते आणि घरातले म्हणतात की देवानेच दार उघडले आहे. माझे स्पष्ट मत असे की, जे दार लाच दिल्यावरच उघडते ते देवाने उघडले असे म्हणू नये, मग त्यासाठी घरात कितीही प्रार्थना झालेली असो.

कागदपत्रांवरील धर्माचा प्रश्न, म्हणजे सवलती टिकाव्यात म्हणून कागदावर जुनाच धर्म लिहावा का हा प्रश्न, याहून कठीण आहे आणि त्याविषयी घाईने बोलणे अन्यायाचे ठरेल. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांतील मावची, भिल्ल, पावरा कुटुंबांपुढे तो सहसा या रूपात येत नाही, कारण अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. अनुसूचित जातींबाबत मात्र 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये त्यात शीख आणि 1990 मध्ये बौद्ध समाविष्ट झाले, आणि ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे दलित पार्श्वभूमीच्या कुटुंबाला विश्वास उघड केल्यावर अनुसूचित जातींसाठीची शिष्यवृत्ती आणि नोकरीतील हक्क गमवावे लागतात. हा नियम मला अन्यायाचा वाटतो आणि तो बदलावा म्हणून सनदशीर मार्गाने मागणी करणे योग्य आहे. तरीही खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही करणे मनाईच्या बाजूलाच पडते. मात्र त्या मुलाला खरे बोलण्याचा उपदेश करून जी मंडळी त्याच्या फीचा विचार करत नाही, तिने आपला अर्धा भार त्याच्या डोक्यावर ठेवला आहे. अशा कुटुंबाला सल्ला देण्यापूर्वी मंडळीच्या वडीलवर्गाने आपण किती मदत करू शकतो ते ठरवून मगच त्यांच्या घरी जावे.

उरलेले बहुतेक प्रश्न मोकळीकीचे असतात. मुलीने नर्सिंग करावे की डी.एड., भुसावळला राहावे की सुरतेला जावे, यंदा रावेरच्या शेतात केळी लावावी की दुसरे पीक घ्यावे, यांपैकी काहीही निवडले तरी पाप होत नाही. तेथे शहाणपण लागते, आणि शहाणपण मागण्याची परवानगी याकोब 1:5 मध्ये मोकळेपणाने दिलेली आहे.

खरी माहिती जमवणे हाही आज्ञापालनाचाच भाग आहे

बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, हे प्रभू येशूचेच बोल आहेत (लूक 14:28). दिवाळीनंतर दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जाण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाला हे वचन शब्दशः लागू पडते. मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो तेव्हा हातात येणारी रक्कम दिसते. ती कशी फिटणार हे दिसत नाही. म्हणून उचल घेण्यापूर्वी नवरा-बायकोने एकत्र बसून काही गोष्टी लिहून काढाव्यात. एका कोयत्याला, म्हणजे जोडप्याला, टनामागे किती दर मिळणार आहे आणि तो कोणी लेखी देतो आहे का? उचलीवर व्याज किंवा वाढावा लागतो का? आजारपणाचे खाडे कोणाच्या खात्यात पडतात? हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालला तर मुलांच्या शाळेचे काय, आणि ती आजीजवळ राहणार असतील तर आजीचे दुखणे कोण पाहणार? तळावर पाणी आणि आडोसा आहे का, गरोदर बाईला दवाखाना किती लांब पडेल? मागच्या वर्षी त्याच मुकादमाबरोबर गेलेल्या दोन कुटुंबांना स्वतंत्रपणे विचारावे, कारण पहिला बोलणारा खरा वाटतो, पण दुसरा येऊन त्याची तपासणी करतो, असे नीतिसूत्रे 18:17 म्हणते.

हा हिशेब मांडल्यावर पुष्कळदा असे दिसते की उचल पोटासाठी नव्हे, तर गेल्या उन्हाळ्यातील लग्नाच्या खर्चासाठी घेतली जात आहे. मग खरा निर्णय ऊसतोडीचा नसून लग्नाच्या मांडवाचा होता, आणि पुढच्या मुलाच्या वेळी तो आधीच घ्यावा लागेल. देज (वधूमूल्य) किंवा हुंडा, बँड, दोन-तीन गावांचे जेवण यांवर मंडळीने सर्वांसाठी एकच साधी मर्यादा ठरवली तर एकेका गरीब घराला एकट्याने लाज सोसावी लागत नाही. हुंडा घेणे-देणे 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही मंडळीत स्पष्ट सांगावे. कर्ज काढावेच लागले तर परवाना असलेल्या सावकाराकडून किंवा बँकेकडून, पावती घेऊन काढावे. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही.

लग्नाच्या निवडीत माहितीचे महत्त्व आणखी वाढते. विश्वासी व्यक्तीने प्रभूमध्येच लग्न करावे, ही मर्यादा 1 करिंथ 7:39 मध्ये आहे. त्या मर्यादेच्या आत मात्र मुलीची संमती खरोखर विचारली जावी. रिबकेच्या घरच्यांनी तिला बोलावून विचारले आणि तिने स्वतःच्या तोंडाने होकार दिला, हे उत्पत्तीच्या 24 व्या अध्यायात नोंदलेले आहे. याबरोबरच सातपुड्याच्या पट्ट्यात एक गोष्ट टाळू नये: दोघांचीही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. हा आजार आदिवासी समाजांत अधिक आढळतो. वाहक व्यक्ती बहुधा निरोगी दिसते, त्यामुळे तपासणीशिवाय कळत नाही. आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. तपासणीची सोय सरकारी आरोग्य यंत्रणेत आहे. पाळकांनी साखरपुड्यापूर्वी पत्रिकेऐवजी या तपासणीचे कार्ड मागावे, असे मला मनापासून वाटते. दोघे वाहक निघाले तर लग्न मोडावेच असे नाही. पण पुढे काय वाढून ठेवले आहे ते दोघांना आणि दोन्ही घरांना माहीत असले पाहिजे, आणि डॉक्टरांशी बोलूनच होकार द्यावा.

कोणाला विचारावे आणि कोणाचे तपासून घ्यावे

यरुशलेममधील मंडळीपुढे परराष्ट्रीयांचा, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांचा, मोठा प्रश्न आला तेव्हा प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. वादविवाद झाला, साक्षी ऐकल्या, शास्त्र पाहिले, आणि मग पवित्र आत्म्याला व आम्हाला हे योग्य वाटले, असे पत्र गेले (प्रेषितांची कृत्ये 15). आपल्या घरातील निर्णयही याच वाटेने जावा. सल्ल्यासाठी तीन-चार माणसे निवडावीत: शास्त्र जाणणारा एक, त्या विषयाची व्यवहारातील माहिती असलेला एक, आणि आपल्याला न दुखावता नव्हे, तर दुखावूनही खरे सांगणारा एक. स्त्रियांचा सल्ला महिला संघापुरता ठेवू नये. उचलीचा आणि स्थलांतराचा भार त्यांच्या अंगावर अधिक पडतो.

बाहेरून आलेल्या सेवकाने सभेत उभे राहून, प्रभूने मला सांगितले की तू अमुक ठिकाणी जा किंवा अमुकाशी लग्न कर, असे म्हटले तर काय करावे? त्याचा मान राखावा आणि त्याचे म्हणणे तपासावे. 1 राजे 13 मधील देवाच्या माणसाला स्वतःला स्पष्ट आज्ञा मिळाली होती. म्हाताऱ्या संदेष्ट्याने देवदूताचे नाव घेऊन खोटे सांगितले, त्याने ते न तपासता मानले आणि वाटेत तो प्राणाला मुकला. आवाजातील खात्री ही सत्याची कसोटी नव्हे.

निर्णयाचे परिणाम ज्यांना सोसावे लागणार आहेत त्यांना तो सर्वांत आधी कळला पाहिजे. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर त्यांची आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची काही वर्षे ताटातूट झाली, आणि लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या खात्रीने 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या विश्वासाविषयी मला नितांत आदर आहे. पण त्या काळात लक्ष्मीबाईंनी जे भोगले ते वाचताना, निर्णय योग्य असूनही तो घरच्यांपर्यंत कसा पोहोचवावा याचा विचार वेगळा करावा लागतो, हे ध्यानात येते.

प्रार्थना आणि मनाची शांती

यरुशलेम शहर पुन्हा बांधण्याची इच्छा मनात आल्यावर नहेम्या किसलेव ते निसान या यहुदी महिन्यांपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, प्रार्थनेत राहिला. आणि राजाने विचारले तेव्हा त्याच्याजवळ मुदत, पत्रे आणि लाकूड यांची नेमकी मागणी तयार होती. प्रार्थनेच्या काळात नियोजन थांबत नाही. शक्य असेल तेथे मोठ्या निर्णयासाठी मुदत ठरवावी, आणि आजच सही करा म्हणून जो घाई करतो त्याच्याकडे थोडे सावधपणे पाहावे.

मला शांती वाटली, म्हणून हाच मार्ग, असे विश्वासी लोक सहज म्हणतात. फिलिप्पैकरांच्या पत्रात शांतीचे अभिवचन आहे, पण ते मागण्या देवाला कळवणाऱ्याच्या अंतःकरणाचे रक्षण करण्यासाठी आहे. कोणता पर्याय निवडावा हे दाखवण्यासाठी ती शांती दिलेली नाही. योना देवापासून पळत होता आणि तरीही जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. प्रभू येशू गेथशेमाने बागेत पित्याच्या इच्छेच्या अगदी मध्यावर होता आणि त्याचा जीव अति खिन्न झाला होता. म्हणून घाबरलेल्या मुलीने नर्सिंगच्या प्रवेशापासून केवळ भीती वाटते म्हणून मागे फिरू नये, आणि कोणालाही न विचारता कर्ज काढणाऱ्याने केवळ मन शांत आहे म्हणून पुढे जाऊ नये.

गिदोनाने लोकर अंगणात ठेवून देवाकडे खूण मागितली, हा दाखला येथे वारंवार दिला जातो. पण त्याने काय करायचे ते देवाने त्याला आधीच सांगितले होते. लोकर ही त्याच्या डळमळीत विश्वासाला मिळालेली सवलत होती. ती आपण नेहमीची रीत करू नये.

वेगळ्या विश्वासाच्या नातलगांमध्ये

खानदेशात पुष्कळ घरांत एक भाऊ मंडळीत आणि दुसरा कानबाई या देवीच्या रोट या सणाला, अशी स्थिती असते, आणि रोटाचा दिवसही श्रावणातील रविवारी येतो. उपासना सोडून जावे का, आणि जेवायला बसावे का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पौलाचा सल्ला फार समतोल आहे: आमंत्रण आले आणि जायची इच्छा असेल तर वाढलेले विचारपूस न करता खावे, पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्यासाठी ते घेऊ नये (1 करिंथ 10:27-28). भावाला आदल्या दिवशी भेटून, पूजेत मी बसणार नाही, पण मांडव घालायला आणि पाहुण्यांची व्यवस्था बघायला दुपारी येतो, असे प्रेमाने सांगितले तर बहुतेक नाती टिकतात. ऐनवेळी ताट सरकवले तर तुटतात. आई-वडिलांच्या औषधपाण्याचा वाटा मात्र कोणत्याही सणावरून थांबवू नये. देवाला अर्पण केले असे सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभूने मार्क 7 मध्ये कडक शब्दांत दोष दिला आहे.

निर्णयानंतर

ठरलेला निर्णय, त्याची कारणे आणि सल्ला देणाऱ्यांची नावे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत, आणि सहा महिन्यांनी त्याच माणसांसमोर ती वही उघडावी. पीक बुडाले म्हणजे निर्णय अविश्वासू होता असे नव्हे. प्रामाणिक हिशेबाने लावलेली केळीही वादळात आडवी होते. मात्र आपण माहिती लपवली होती, घाई केली होती किंवा कोणावर भार टाकला होता, असे दिसले तर ते कबूल करून दुरुस्त करावे.

दिलेला शब्द नुकसान सोसूनही पाळणारा मनुष्य स्तोत्र 15 मध्ये वाखाणलेला आहे. त्यामुळे उचल घेतल्यावर दुसरा मुकादम जास्त दर देतो म्हणून पहिल्याला फसवून पळून जाणे विश्वासणाऱ्याला शोभत नाही. त्याच्याशी समोरासमोर बोलून हिशेब मिटवावा. पण तोच शब्द माणसाला कोंडण्यासाठी वापरला जात असेल, म्हणजे कितीही काम केले तरी कर्ज फिटू दिले जात नसेल, घरी परतायला किंवा दुसरीकडे काम करायला बंदी असेल, तर तेथे शब्द पाळण्याचे बंधन उरत नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा 1976 नुसार असे कर्ज फेडण्याची जबाबदारी संपुष्टात येते. अशा कुटुंबाने एकट्याने जाऊ नये. मंडळीतील दोन वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन, उचलीची वही आणि साक्षीदारांची नावे जवळ ठेवून, तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.