'क्लोज द गीझर' लिहू नका : घरातल्या यंत्रांच्या इंग्रजी सूचना लिहिताना या चुका टाळा

राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांना देतो. एका नवरात्रात परदेशातलं एक जोडपं उतरलं होतं. बाथरूमच्या दारावर माझी चिठ्ठी होती : 'आफ्टर बाथ क्लोज द गीझर.' सकाळी बघते तर गीझर रात्रभर चालू! बिचाऱ्यांनी लावायला झाकण शोधलं, ते काही सापडलं नाही. हवं होतं 'टर्न ऑफ द वॉटर हीटर'. गीझर म्हटलं की परदेशात बऱ्याच जणांना जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा आठवतो.

या चुकीचं मूळ आपल्या 'लाव' आणि 'बंद कर'मध्ये आहे. पंखा लाव म्हणजे चालू कर, दार लाव म्हणजे मिटून घे, कुकर लाव म्हणजे तर अख्खा स्वयंपाकच. 'बंद कर' तर दारालाही चालतं आणि गीझरलाही. इंग्रजीत ही कामं वेगळी. म्हणून मराठी शब्द बाजूला ठेवा आणि हात काय करतो ते बघा. वीज, पाणी, गॅस सुरू करायचा तर 'टर्न ऑन', थांबवायचा तर 'टर्न ऑफ'. दार, झाकण, खिडकी असेल तरच 'ओपन' आणि 'क्लोज'. फ्रिजचं दार 'क्लोज' करायचं, पण फ्रिजची वीज थांबवायची तर 'टर्न ऑफ'.

'गॅस बारीक कर'चं 'मेक द गॅस स्मॉल' करू नका, 'टर्न डाउन द हीट' म्हणा. पंख्याचा वेग वाढवायला 'टर्न अप द फॅन'. प्लग काढायला 'अनप्लग इट'. लाइट गेली तर 'द पॉवर इज आउट'. आणि नुसतं 'कुकर' लिहू नका. इंग्लंडमध्ये कुकर म्हणजे शेगडी, ओव्हनसकट. 'प्रेशर कुकर' असं पूर्ण लिहा.

वाक्य बरोबर आहे का, हे मोबाइलवर उलटं भाषांतर करून तपासू नका. 'क्लोज द लाइट'चं मराठी 'लाइट बंद कर' असंच येतं आणि चूक दिसतच नाही. यंत्रासोबत आलेली पुस्तिका उघडा, तिच्यातली इंग्रजी पानं वाचा. मला तिथंच बरंच सापडलं.

कांदा-लसूण मसाला आमच्याकडे रोज वाटतात, म्हणून मिक्सरजवळची चिठ्ठी नव्यानं लिहिली : 'डोन्ट फिल अबव्ह द लाइन. होल्ड द लिड डाउन. अनप्लग बिफोर क्लीनिंग.'