केस विरळ होतायत? लेझर कंगवा किंवा हेल्मेट नीट कसं वापरायचं

आधी एक सांगतो, हा अंगावरचे केस काढायचा लेझर नव्हे. हा कमी ताकदीचा लाल प्रकाश असतो, साधारण 650 नॅनोमीटरचा, त्याने डोकं भाजत नाही. 1967 च्या सुमारास हंगेरीत एंद्रे मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांवर लेझर मारून बघितला तर भादरलेल्या जागी केस लवकर आले, तिथून हे सुरू झालं. पुरुषांसाठीच्या लेझर कंगव्याला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) 2007 मध्ये परवानगी दिली.

मशीन घ्यायच्या आधी भर उजेडात आरशासमोर भांग पाडून बघा. बारीक, मऊ, लवेसारखे केस दिसतायत का? मग फायदा व्हायचा चान्स आहे, कारण मुळं अजून जिवंत आहेत. जिथे गुळगुळीत, चमकणारं टक्कल पडलंय तिथे लेझरने काही होत नाही, कृपा करून त्यासाठी पैसे घालवू नका. आणि स्किनच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, कधीकधी कारण थायरॉइड किंवा लोहाची कमतरता निघते. डॉक्सिसायक्लिनसारखं उन्हाचा त्रास वाढवणारं औषध चालू असेल किंवा डोक्यावर बदलत जाणारा तीळ असेल तर विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

वापरताना केस स्वच्छ आणि कोरडे हवेत, जेल-स्प्रे काही नको. हेल्मेट असेल तर घालून बसायचं, झालं. कंगव्याला मात्र हात लागतो: दात टाळूला टेकवायचे, म्हणजे केस बाजूला होऊन प्रकाश खालच्या कातडीवर पडतो, नुसता केसांवर पडून उपयोग नाही. कपाळापासून सुरू करून तीन-चार सेकंद थांबायचं, अर्धा इंच मागे सरकायचं, परत थांबायचं. बहुतेक मशीन आठवड्यातून 3 वेळा, एक दिवस आड वापरायची असतात, किती मिनिटं ते पुस्तिकेत बघा. रोज जास्त वेळ मारला म्हणून केस जास्त येत नाहीत, उलट परिणाम कमी होऊ शकतो. आणि प्रकाशात थेट बघू नका.

पहिले दोन महिने काहीच दिसत नाही, काहींचे तर सुरुवातीला जास्तच गळतात आणि नेमकं तिथेच लोक सोडून देतात, असं करू नका, 4 ते 6 महिने द्याच. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचा वरून फोटो काढा. लेझरने केस बारीक करणारं डीएचटी हार्मोन थांबत नाही, म्हणून डॉक्टर बरेचदा सोबत मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड हे केसगळतीचं औषध देतात, आणि लेझर बंद केला की गळती परत सुरू होते हे धरूनच चला. सहा महिन्यांनी पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवा, फरक नसेल तर तेच फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा.