जीपीयू शिकताय? आधी कॉपीचा वेळ मोजा

एमटेकला माझं प्रोजेक्ट होतं, तापलेल्या पत्र्यात उष्णता कशी पसरते ते कॉम्प्युटरवर काढायचं. पत्र्याचे 4096 बाय 4096 चौकोन करायचे आणि दर स्टेपला प्रत्येक चौकोनाचं नवं तापमान शेजारच्या चौघांच्या जुन्या तापमानावरून काढायचं. कुणालाच कुणासाठी थांबायला लागत नाही, त्यामुळे जीपीयूला, म्हणजे एकाच वेळी हजारो छोटी गणितं करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला, यापेक्षा सोयीचं काम नाही असं वाटलं होतं. तरी माझा पहिला कोड सीपीयूएवढाच वेळ घ्यायला लागला आणि मी आठवडाभर कर्नलच (कार्डवर चालणारं फंक्शन) तासत बसलो.

चूक कर्नलमध्ये नव्हतीच. मी दर स्टेपला अख्खी ग्रिड कार्डवर पाठवत होतो आणि परत आणत होतो. हिशोब बघा, प्रत्येक तापमान फ्लोट, म्हणजे 4 बाइटचा आकडा, धरलं तर ग्रिड 64 एमबीची. माझ्या टी4 या एनव्हिडियाच्या कार्डची स्वतःची मेमरी सेकंदाला 320 जीबी देते, म्हणजे एक स्टेप वाचून लिहायला अर्धा मिलीसेकंदही लागू नये, पण सीपीयू आणि कार्ड जोडणाऱ्या पीसीआयई 3 च्या 16 लेनमधून एका दिशेला कागदावरसुद्धा सेकंदाला जेमतेम 16 जीबी जातात, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यात 8 मिलीसेकंद गेले! मग जुन्या आणि नव्या तापमानाच्या दोन्ही अ‍ॅरे कार्डवरच ठेवल्या, स्टेप झाली की फक्त पॉइंटरची अदलाबदल, आणि अगदी शेवटी एकदाच डेटा परत. तेव्हा कुठे कार्ड पळायला लागलं.

दुसरी गोष्ट एरर चेकिंगची, हे खरंच मनावर घ्या. कार्डवरचं काम थ्रेडमध्ये (एका चौकोनाला एक) वाटलेलं असतं आणि थ्रेडच्या गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात. मी एकदा ब्लॉक 64 बाय 64 चा केला आणि वेळ एकदम इतका खाली आला की सरांना दाखवायला धावत गेलो. एका ब्लॉकमध्ये जास्तीत जास्त 1024 थ्रेड चालतात, माझे 4096 होत होते, कर्नल सुरूच झाला नव्हता आणि कूडा (एनव्हिडियाची जीपीयू प्रोग्रॅमिंगची प्रणाली) आपणहून काही बोलत नाही. शिवाय कर्नल लाँच केला की सीपीयू न थांबता पुढे जातो, म्हणून सिंक्रोनाइझ न करता, म्हणजे कार्डचं काम संपेपर्यंत न थांबता, घड्याळ लावलं तर आकडा खोटाच येणार.

थ्रेड 32-32 च्या गटाने चालतात, त्याला वार्प म्हणतात. शेजारच्या थ्रेडने मेमरीतलीही शेजारचीच जागा वाचायला हवी, आणि एका ओळीतले आकडे मेमरीत शेजारी-शेजारी असतात, म्हणून थ्रेडचा एक्स क्रमांक कॉलमच्या क्रमांकाला जोडा, ओळीच्या नाही.

कार्ड विकत घ्यायची घाई नको, गूगल कोलॅबवर बऱ्याचदा टी4 फुकट मिळतं. फक्त त्यावर डबल प्रिसिजन (8 बाइटचे, जास्त अचूक आकडे) फ्लोटच्या 32 पट हळू चालतं, तेव्हा गणिताला डबल खरंच लागतं का ते गाइडशी बोलून आधी ठरवा. आणि सगळंच कार्डवर ढकलू नका. फाईल वाचणं, सुरुवातीची मांडणी, छोटे छोटे निर्णय सीपीयूकडेच बरे. पुढे मधले निकालही हवे झाले, तेव्हा दर 100 स्टेपनंतरचा निकाल डिस्कवर लिहायचं काम मी सीपीयूला दिलं, वेगळ्या स्ट्रीममधून (कार्डवरच्या कामांची स्वतंत्र रांग) पिन्ड मेमरीत (रॅममधली जागेवरून न हलणारी जागा) कॉपी करून, आणि तेवढ्या वेळात कार्ड पुढच्या स्टेप काढत राहिलं. एनसाइट या वेळ मोजणाऱ्या टूलच्या टाइमलाइनवर कॉपीची पट्टी कर्नलच्या पट्टीखाली झाकलेली पहिल्यांदा दिसली ना, त्या रात्री मी लॅबमधून घरीच गेलो नाही.