चार वाजताची गोडाची ओढ

वजन कमी करायला घेतलं की दुपारी चार-साडेचारला हात हमखास बिस्किटांच्या डब्याकडे जातो. बहुतेक वेळा कारण दुपारच्या ताटात असतं. नुसता भात खाल्ला की लवकर पुन्हा भूक लागते. म्हणून ज्वारीची भाकरी, घट्ट वरण किंवा मटकीची उसळ आणि वाटीभर दही असं जेवा. शेंगदाण्याची चटणी चमचाभरच.

तरी गोड हवंच वाटलं तर जालन्याची मोसंबी सोलून फोडी खा. रस नको, चोथा जातो आणि एका ग्लासात तीन-चार मोसंब्या सहज संपतात.

चहाची साखर एकदम तोडू नका. दोन चमचे घेत असाल तर आठवडाभर दीड, मग एक; जिभेला सवय होते. एक सपाट चमचा म्हणजे सुमारे ४ ग्रॅम साखर, १६ कॅलरी. आणि गुळाचा चहा केला म्हणून वजन उतरत नाही, गुळाच्या कॅलरी जवळपास साखरेइतक्याच. आपल्याकडे हा गैरसमज फार आहे. कुंथलगिरीचे पेढे घरी आले तर जेवण झाल्यावर एक खा, उपाशीपोटी नको. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाण्यात बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा.