अ‍ॅटॅकनंतर पेशंट घरी यायच्या आधी काय काय तयार हवं (शुगर पण असेल तर)

हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेलं माणूस घरी येणार आणि त्याला शुगर पण आहे, तर डिस्चार्जच्या आधीच वजनकाटा, ग्लुकोमीटर (घरी शुगर तपासायचं मशीन) आणि एक वही आणून ठेवा. काटा डिजिटल बघा, सपाट फरशीवर एकाच जागी ठेवा, सतरंजीवर नको, आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहायचं. रोज कशाला असं घरात कोणीतरी म्हणणारच, पण हे वजन जाडी बघायला नाहीये, हार्ट नीट पंप करत नसेल तर अंगात पाणी साठतं आणि ते बऱ्याचदा आधी काट्यावर दिसतं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागायला लागला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. जाडीसाठी शिंप्याची टेप घ्या आणि महिन्यातून एकदा पोटाचा घेर मोजा, आपल्याकडे पुरुषांचा 90 सेंटिमीटरच्या आत आणि बायकांचा 80 च्या आत हवा असं धरतात.

ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप घेताना एक्सपायरी बघा, डबी घट्ट लावून ठेवा, आणि बोट टोचायच्या आधी हात साबणाने धुवून कोरडे करा कारण फळ कापलेल्या हाताने रीडिंग उगाच जास्त येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शुगर वाढण्याइतकीच खाली जाण्याची काळजी घ्या. 70 च्या खाली गेली की लो, आणि अ‍ॅटॅकनंतर मेटोप्रोलॉलसारखी गोळी बऱ्याच जणांना असते, तिच्यामुळे लो होताना जी धडधड जाणवते ती दबते, घाम मात्र येतो, म्हणून अचानक घाम फुटला की आधी शुगर तपासा. मीटर हाताशी नसेल तर लो समजूनच साखर द्या. पलंगाजवळ साखरेची डबी आणि चमचा कायम ठेवा, तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत तपासायचं, पेढा किंवा बिस्किट नको कारण तुपा-तेलामुळे साखर हळू चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 लावा. आणि शुगर नीट असूनही घाम, दम, अस्वस्थपणा असेल तरी 108 च, शुगरवाल्यांना कधी कधी छातीत दुखतच नाही.

म्हणूनच वजन उतरवायला उपास करायचा नाही, कृपा करून नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी चालू असताना एकादशी धरली तर शुगर धाडकन पडू शकते, आणि साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर तीच वर जाते. वजन हळूहळूच उतरू दे. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, मग भाकरी, आणि ज्वारीची झाली म्हणून चार खायची असं नाही. लोणचं, पापड, फरसाण समोर ठेवूच नका, दिवसभराचं मीठ सगळं मिळून एक छोटा चमचा. सैंधव पण मीठच. लो सोडियमवालं मीठ विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, किडनी नाजूक असेल किंवा रॅमिप्रिलसारखी बीपी-हार्टची गोळी चालू असेल तर ते त्रासाचं ठरतं.

चालणं किती आणि कधीपासून ते डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्या, बुटं मऊ आणि थोडी सैल घ्या, रात्री पायाच्या तळव्यांना जखम-फोड नाही ना ते बघायची सवय लावा.

फाईलमध्ये डिस्चार्ज कार्ड, टूडी इको (हार्टची सोनोग्राफी), अँजिओग्राफीची सीडी, तीन महिन्यांच्या शुगरचा (HbA1c) रिपोर्ट. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहा: तीन महिन्यांच्या शुगरचं टार्गेट यांच्यासाठी किती (7 टक्के सगळ्यांना लागू नसतं, वय जास्त असेल तर थोडं ढिलं ठेवतात), शुगरच्या गोळ्यांपैकी हार्टला मदत करणारी एखादी यांना चालेल का, पायोग्लिटाझोन ही शुगरची गोळी चालू असेल तर ती ठेवायची का कारण तिने पाणी साठतं. स्टॅटिनने (कोलेस्टेरॉलची गोळी) शुगर किंचित वाढते म्हणून कोणी बंद करा म्हणेल, करू नका, आणि स्टेंट असेल तर रक्त पातळ करायच्या गोळ्या दात काढायला जाताना सुद्धा हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत.