ओट्याखालची चिकट फरशी

स्वयंपाकघरातली व्हिट्रिफाइड फरशी कितीही पुसली तरी अनवाणी पाय चिकटायचे. दोष फोडणीच्या तेलाचा कमी, माझाच जास्त. बादलीत दोन-दोन झाकणं फ्लोअर क्लीनर ओतायचे, त्याचाच थर बसला होता. स्टीम क्लीनर आणला. पहिल्या दिवशी भराभर फिरवला, तर नुसते ओघळ उठले. मग फरशीचा हातभर भाग घेतला, १०-१५ सेकंद वाफ आणि थंड व्हायच्या आत जुन्या बनियनने पुसलं. बनियन काळं-पिवळं! वाफ थर फक्त सैल करते, उचलायचा कापडानेच. मोरीजवळचे क्षाराचे पांढरे डाग मात्र तसेच राहिले. हॉलमधल्या लाकडासारख्या लॅमिनेट फ्लोअरिंगला वाफ दाखवलीच नाही. सांध्यात पाणी शिरलं की ते फुगतं. बादलीत आता अर्धंच झाकण.